दोन बोटं खाली

तंजावूर,
११ जून

ती. अक्का,

नमस्कार. दोन्ही हात जोडून केला असं समज. खरं सांगायचं तर सध्या माझे दोन हात एकमेकांना सापडत नाहीत. उजवा शहाण्यासारखा छातीशी येऊन थांबतो आणि डावा कुठेतरी बरगडीपाशी रेंगाळतो. बघितलं तर आणता येतो. न बघता तो कुठे आहे ते मला कळत नाही.

आमच्या ह्यांनी, रघुपतींनी, मे महिन्यात तुला फोन केला होता. तू 'काळजी घ्या' म्हणालीस. गेली एकतीस वर्षं आपण दोघी एवढंच बोलतो, तेव्हा त्यात तुझं काही चुकलं नाही. अम्मा गेली तेव्हासुद्धा आपण गाडीच्या तिकिटांविषयी बोललो आणि भटजींच्या जेवणाविषयी. म्हणून हे पत्र. फोनवर तू चांगली वागशील, मीही चांगली वागेन, आणि दोन मिनिटांत संपेल.

झालं ते असं. सकाळची कॉफी. तुला माहीत आहे मी कशी ओतते. उजव्या हातात टंबलर डोक्याच्या वर, डाव्या हातात डवरा, खालची वाटी, कमरेशी, आणि तोंड भलतीकडे. त्या दिवशी हरिताशी बोलत होते. हरिता म्हणजे माझ्या नाचाच्या वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी, अठरा वर्षांची, येत्या तै महिन्यात, संक्रांतीनंतर, तिचं अरंगेट्रम आहे, रंगमंचावरचा पहिला नाच. मी तिला ओरडत होते आणि सवयीने ओतत होते. ह्यांचा आवाज आला, "अय्यो, कोठें ओततेस गे!" बघते तर डवरा हातात होता, हात मात्र पाठीमागे गेलेला. सगळी कॉफी ह्यांच्या पेपरवर. हातात जोर होता, बोटं हलत होती, दुखत काही नव्हतं. फक्त हात आहे कुठे, ही बातमी डोक्यापर्यंत पोचत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, मेंदूत छोटीशी गुठळी होती. जोर गेला नाही, वाचा गेली नाही. वाचा गेली असती तर निम्मं तंजावूर खूश झालं असतं, असं हे म्हणाले. मी डवरा फेकून मारणार होते, पण डाव्या हाताचा भरवसा नाही.

हे लिहितानाही तेच चाललं आहे. कागद डाव्या हाताने दाबून धरलाय असं मला वाटतं. बघते तर कागद मोकळा आणि हात मांडीवर. कागदावर पितळेची समई ठेवून लिहिते आहे.

'उत्तराची अपेक्षा नाही' असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. ते खोटं झालं असतं. अपेक्षा आहे. माझ्या अरंगेट्रमच्या वेळच्या त्या गोष्टीविषयी मात्र मी काही लिहिणार नाही.

तुझी,
सुंदरी


तंजावूर,
२३ जून

ती. अक्का,

उत्तर नाही. ठीक आहे. पुण्याला टपाल पोचायला वेळ लागतो, असं मी मला सांगते आहे.

आठवड्यातून दोनदा नितीन येतो. पापनाशमचा, आपल्या इथल्या मराठी लोकांतलाच, व्यायामाचा डॉक्टर. नऊची पॅसेंजर पकडून येतो आणि आल्याबरोबर मला डोळे मिटायला सांगतो. मग माझा डावा हात कुठेतरी नेऊन ठेवतो आणि म्हणतो, "मामी, उजवा हात अगदीं तसाच करा." मी करते. मनात खात्री असते की बरोबर केलं. डोळे उघडले की डावा खांद्याच्या उंचीवर आणि उजवा पोटाशी. पन्नास वर्षांची बाई, तीस वर्षं नाच शिकवणारी, आणि स्वतःचा हात सापडत नाही! पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी नितीनला शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "सरि, बरें मामी, पुन्हा डोळे मिटा."

तो समजावून सांगतो ते मला पटतं. म्हणतो, कुठलीही हालचाल शिकताना अंगाला दोन वाध्यार, दोन गुरुजी, असतात. एक डोळा. दुसरा आतला, जो न बघता सांगतो की कोपर इथे आहे, मनगट तिथे आहे. नवीन काही शिकायचं म्हणजे हात कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, यातला फरक ओळखायचा. आतला वाध्यार मुका झाला की फरकच कळत नाही, मग हजार वेळा केलं तरी हात काही शिकत नाही. माझा मुका झालेला नाही, कुजबुजतो आहे. त्याला मोठ्याने बोलायला लावायचं.

कसं? तर रोज अर्धा तास डोळे बांधून बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी माझा हात धरून हळूहळू फिरवायचा. मी काही करायचं नाही. नुसतं हात कुठून कुठे जातो त्याकडे आतून लक्ष द्यायचं. मग तीच हालचाल स्वतः करायची. म्हणतो, याचे प्रयोग झालेत. आधी असा हात फिरवून घेतलेली माणसं नंतर ती हालचाल लवकर शिकतात.

अक्का, मी हसायला लागले. त्याला वाटलं परत रडते आहे.

हे तर तू करायचीस! मी चार वर्षांची असेन, तू तेरा. अम्माच्या जुन्या पातळाचा काठ फाडून तू माझे डोळे बांधायचीस आणि मागे बसून माझे दोन्ही हात धरायचीस. "तूं करूं नको. मी करतें. तूं नुसतें कळून घे." तिसऱ्या दिवशी हात सोडून द्यायचीस आणि ते आपसूक जायचे. अक्षरंसुद्धा तशीच. अप्पांनी पाटी आणली होती, पण 'अ' मला तांदळाच्या ताटात तुझ्या मुठीत आला. या गावात आपल्यातली किती माणसं हे देवनागरी अक्षर वाचू शकतात? मी वाचते आणि लिहिते ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. माझ्या अंगाला जे काही येतं त्यातलं निम्मं तुझ्या हातांनी आत गेलं आहे, आणि मी त्याबद्दल तुझी फार ऋणी आहे.

आता माझा हात कोण फिरवतो ते ऐक. रघुपती बसच्या दांड्यासारखा घट्ट पकडतात आणि मध्येच बातम्या ऐकायला थांबतात. हरिता इतकी घाबरते की हात धरल्याबरोबर सोडून देते. नितीनला आठवड्यातले दोनच दिवस.

तो आणखी एक म्हणाला. जोपर्यंत आतला वाध्यार सुधारत नाही तोपर्यंत डोळ्यांकडून काम करून घ्यायचं. नाचाच्या खोलीत मोठा आरसा लावा. मी म्हणाले, आमच्या कल्याणराम वाध्यारांनी आयुष्यभर आरसा आत येऊ दिला नाही. "आरशांत बघणारी मुलगी आरशासाठीं नाचते," म्हणायचे. मीही तीस वर्षं तेच म्हणत आले. माझ्या वर्गाच्या पाटीवर तसं लिहिलं आहे. नितीनने पाटी वाचली आणि म्हणाला, "पाटी काढू नका मामी. तिच्याशेजारीं लावूं."

तुझी,
सुंदरी


तंजावूर,
५ जुलै

ती. अक्का,

ज्याविषयी लिहिणार नाही म्हणाले होते ते आज लिहिते आहे.

आरसा परवा आला. दोन माणसांनी आणून भिंतीला लावला. मी साडी खोचली, समोर अरैमंडीत, अर्ध्या बैठकीत, बसले, गुडघे बाहेर, पाठ ताठ, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत. डावा हात बघून जागेवर आणला. तो आला बिचारा. मग मी सगळीकडून स्वतःला बघितलं.

अक्का, माझा उजवा खांदा पडलेला आहे.

मी नितीनला म्हणाले, हा आजार उजवीकडे पण गेला वाटतं. त्याने बघितलं, पट्टी लावली. दोन बोटं खाली. मग तो म्हणाला, "हें आजाराचें नाही मामी. हें जुनें आहे. फोटो आहेत कां?" फोटो काय, भिंतभर आहेत. एकेका फोटोसमोर तो पट्टी घेऊन उभा राहिला. मुंबईचा कार्यक्रम, दोन बोटं. कुंभकोणम, दोन बोटं. अरंगेट्रम, दोन बोटं.

तुला आठवतं, आठ दिवस आधी तू पुण्याहून आली होतीस. सराव बघितलास आणि मला विहिरीपाशी बाजूला घेऊन म्हणालीस, "सुंदरी, उजवा खांदा पडतो गे. एकदां आरशांत बघून घे." इतकं हळू की अम्मालाही ऐकू गेलं नाही. आणि मी काय केलं? सगळ्यांमध्ये येऊन मोठ्याने म्हणाले की तुझं स्वतःचं अरंगेट्रम झालं नाही, वाध्यारांनी तुला जन्मभर मागच्या ओळीत ठेवलं, म्हणून तुला माझं बघवत नाही. वाध्यार होते, अप्पा होते, रघुपतींच्या घरची माणसं मला बघायला आली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आणि तू? कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलीस, माझ्या पायात घुंगरांची सलंगै तूच बांधलीस, आणि सकाळी जेवण व्हायच्या आत स्टेशनवर गेलीस.

मी खोटं बोलत नव्हते ग. हेच तर सांगायचं आहे. मला खरोखर खांदा सरळ वाटत होता. नितीन म्हणतो, वाटणारच. एखादी हालचाल हजारो वेळा केली की नुसते हातपायच शिकत नाहीत. आतला वाध्यारही बदलतो. तो आपली रेघच तिथे सरकवतो आणि तिलाच सरळ म्हणायला लागतो. परवा नितीनने माझे डोळे मिटवून खांदा खरोखरीचा सरळ केला आणि मी ओरडले, "सोड, पडेन मी!" मला वाटलं मी डावीकडे कलंडते आहे. डोळे उघडले तर आरशात सरळ उभी.

अरंगेट्रमची व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा मी कॅमेरावाल्याशी भांडले होते, त्याने कॅमेरा वाकडा धरला म्हणून. अर्धे पैसे कापून घेतले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला नाचता येत होतं, तरी अंगण वाकडं! तो माणूस कुठे असेल कोण जाणे. त्याची माफी मागायला हवी. त्याच्या आधी तुझी.

माझं चुकलं, अक्का. तू बरोबर होतीस. तुझ्या मनात असूया नव्हती. असूया माझ्या डोक्यात होती आणि ती मी तुझ्या नावावर खपवली. एकतीस वर्षांत तू एकदाही कुणाला सांगितलं नाहीस की मी काय बोलले. त्याबद्दलही मी तुझे आभार मानते.

सुंदरी


तंजावूर,
१४ जुलै

ती. अक्का,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण एक फोटो सापडला.

माझ्या मनात एकच घोळत होतं. हा खांदा आला कुठून? वाध्यार मला शिकवायला लागले तेव्हा त्यांना मोतीबिंदू झालेला, ते काठी आपटायचे आणि कानांनी नाच बघायचे, त्यामुळे त्यांना दिसला नाही हे समजलं. पण त्यांनी मला वाकडं उभं राहायला शिकवलं नव्हतं.

अम्माच्या ट्रंकेत तळाशी होता. तू दहा वर्षांची, वाध्यारांच्या ओसरीवर. अम्मा अंथरुणाला खिळली होती ती दोन वर्षं, आणि मी तुझ्या डाव्या कडेवर. मी चांगली गुबगुबीत आहे. तुझी डावी कंबर बाहेर गेली आहे, आणि मला तोलायला तुझा उजवा खांदा खाली आला आहे.

मी पट्टी लावली.

दोन वर्षं तू मला कडेवर घेऊन घरातून वाध्यारांकडे आणि वाध्यारांकडून घरी नेलंस. नाचताना मला कोपऱ्यात ठेवायचीस, पण खांदा काही वर गेला नसणार. मग मी चालायला लागले आणि तुझ्या मागे उभी राहून नाचायला लागले. माझ्यापुढे आरसा कुठे होता? माझ्यापुढे तू होतीस. तुझ्या पाठीला बघून मी सरळ म्हणजे काय ते शिकले.

आणि वाध्यारांनी तुला मागच्या ओळीत का ठेवलं हे मी तुला कधी विचारलंच नाही. आता विचारायची हिंमत होत नाही.

हात अजून तसाच आहे. हरिताचं अरंगेट्रम सहा महिन्यांवर आलं आहे, आणि तिला कसं बसायचं हे दाखवताना मला माझा हात शोधावा लागतो. मला कुणीतरी नीट धरून फिरवणारं हवं आहे. कुणीतरी नाही. तू. येशील का?

सुंदरी


तंजावूर,
२१ ऑगस्ट

ती. अक्का,

तू गेल्यापासून घरात कुणी कुणाला 'गप्प बस' म्हणत नाही. रघुपतींना करमत नाही.

तुझं ते पत्र मी समईखाली ठेवलं आहे. चार ओळी, आणि त्यात एकही जास्तीचा शब्द नाही. 'खांदा माझाच आहे. वाध्यारांनी मला एकदा सांगितलं होतं, मला सरळ करता आला नाही, म्हणून मागे ठेवलं. तुझं तसं होऊ नये म्हणून बोलले. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.' मी ते वाचून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांना देवनागरी येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि दुसऱ्या ओळीला थांबले. त्यांनी कॉफी केली, स्वतः ओतली, आणि सांडली नाही.

ज्या गोष्टीवरून मी तुला सगळ्यांसमोर टोचलं, ती गोष्ट तुझ्या अंगाला माझ्यामुळे लागली होती. हे तुला तेव्हाही माहीत होतं. तू स्टेशनवर उतरलीस तेव्हा मी तेच बोलायला तोंड उघडलं, आणि तू म्हणालीस, "पोदुम, पुरे. हात दे. तो नव्हे, डावा." तो मला सापडेना. तूच शोधलास.

ते सोळा दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी तू अम्माच्या पातळाच्या त्याच काठाने माझे डोळे बांधायचीस, मागे बसायचीस, आणि म्हणायचीस तेच, त्याच आवाजात, "तूं करूं नको. मी करतें. तूं नुसतें कळून घे." पहिले चार दिवस मला काहीच कळलं नाही. पाचव्या दिवशी कोपर कळलं. नवव्या दिवशी मनगट. तुझी बोटं आता थोडी वाकडी झाली आहेत, अक्का, आणि सकाळी गार असतात. मी डोळे बांधून बसले होते, त्यामुळे हे सगळं मला नीट कळत होतं. तू निघालीस त्या दिवशी मी न बघता पाच वेळा कमळाची मुद्रा धरली आणि तीनदा बरोबर आली. काल आठांतली सहा. आज कॉफी ओतली, थोडी खालून. सांडली, पण डवऱ्याच्या आसपास सांडली. नितीन याला प्रगती म्हणतो.

आता एक गंमत ऐक. तू गेल्यावर मी सगळ्या मुलींना एका रांगेत आरशासमोर उभं केलं. मोठ्या अकरा मुलींपैकी सात जणींचा उजवा खांदा दोन बोटं खाली! मी एवढी हसले की हरिता घाबरून ह्यांना बोलवायला गेली. तिला वाटलं परत काही झालं. त्या मुलींना तुझं नावही माहीत नाही, आणि तुझ्या कडेवरची मी त्यांच्या खांद्यावर बसून आहे.

त्यांना असं ठेवून चालायचं नाही. वाध्यारांनी तुझं केलं ते मी कुणाचं करणार नाही, सांगून सोडून द्यायचं आणि मागे उभं करायचं. काल सुरुवात केली, हरितापासून. तिचे डोळे बांधले, तोच काठ, तू ठेवून गेलीस तो. मागे बसले. खांदा उचलून जागेवर ठेवला. ती ओरडली, "टीचर, मी पडून जाईन!" मी म्हणाले, "पडणार नाहींस. मी धरलें आहे. तूं नुसतें कळून घे." माझा डावा हात तिच्या खांद्यावर होता, अक्का, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते.

पाटी बदलली आहे. आरशाविषयीचं वाक्य आहे तसंच आहे, त्याखाली रघुपतींकडून तमिळमध्येच रंगवून घेतलं: 'महिन्यातून एकदा बघावे.'

आज नितीन म्हणाला, हात मार्गी लागला, आता मामी तुमचा खांदा घेऊ. वर्षभर लागेल, पण सरळ होईल. मी नको म्हणाले. त्याला कारण सांगितलं नाही, तुला सांगते. मुलींचे सगळे सरळ करते. हा एक राहू दे. तो वर गेला तर तू मला कडेवरून खाली ठेवल्यासारखं होईल. एवढ्यात ठेवू नकोस.

तुझी,
सुंदरी